तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाचा शोध लावणाऱ्या पंडिताची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. राजा खूश झाला, म्हणाला, हवं ते माग. पंडितानं मागितलं, पटाच्या पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा ठेवा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. असं दर घराला दुप्पट करत चौसष्ट घरं भरून द्या. राजाला हसू आलं. एवढंच? मग कोठारं रिकामी होऊ लागली आणि राजाचं हसू मावळलं. चौसष्ट घरांतल्या दाण्यांची बेरीज होते १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. एवढा तांदूळ पृथ्वीवर कधी एका हंगामात पिकलेला नाही.

आज मला या गोष्टीत फक्त तीन घरं वाढवायची आहेत. समजा, तो पट चौसष्ट घरांचा नव्हता, सदुसष्ट घरांचा होता. मग दाणे किती होतील? १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकडी संख्या. रेडिओवर ही संख्या सांगताना मी एकेक अंक सुटा वाचला होता आणि मधे दोनदा श्वास घेतला होता. कागदावर ती एका ओळीत मावते, हा छापील पानाचा मोठाच फायदा. आपल्याकडे एकं, दहं, शतं म्हणत वर चढण्याची जुनी शिडी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त ती परार्धापर्यंत जाते, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ही संख्या तशा १,४७५ परार्धांच्याही पलीकडची. शिडी संपली तरी संख्या उरतेच.

तिची घडण मात्र साधी आहे. एक आणि दोन मिळून तीन, म्हणजे चाराला एक कमी. एक, दोन आणि चार मिळून सात, म्हणजे आठाला एक कमी. दुपटीच्या बेरजेचं हेच गुपित. आतापर्यंतची सगळी बेरीज पुढच्या घराला नेहमी एकानं कमी पडते. म्हणून सदुसष्ट घरांची बेरीज म्हणजे दोनाला दोनानं गुणत सदुसष्टावा घात काढायचा आणि त्यातून एक वजा करायचा.

आता या दाण्यांचे सारखे वाटे पडतील का, असा प्रश्न कुणी विचारला, तर? एकेक दाण्याचे वाटे नकोत, सगळ्यांचा एकच ढीगही नको, पण मधलं काहीतरी, की प्रत्येक वाट्यात सारखेच दाणे येतील आणि एकही उरणार नाही. गणिताच्या भाषेत विचारायचं, तर ही संख्या मूळ आहे की संयुक्त? प्रश्न तिसरीतल्या मुलालाही कळेल असा आहे. त्याचं चुकीचं उत्तर १६४४ साली छापलं गेलं. ते चूक आहे हे कळायला २३२ वर्षं लागली, आणि प्रत्यक्ष वाटे पाडून दाखवायला आणखी २७.

पण हा उद्योग लोकांनी आरंभला तरी का? त्यासाठी ग्रीकांकडे जायला हवं. सहाला एक, दोन आणि तीन यांनी भाग जातो, आणि एक, दोन, तीन यांची बेरीज पुन्हा सहाच होते. अठ्ठावीसचंही तसंच, एक, दोन, चार, सात आणि चौदा मिळवून पाहा. अशा संख्यांना त्यांनी परिपूर्ण म्हटलं. भाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरली तर तुटीची, जास्त भरली तर भरीची, आणि नेमकी भरली तर परिपूर्ण. प्राचीनांना अशा चारच संख्या ठाऊक होत्या. ६, २८, ४९६ आणि ८,१२८. युक्लिडनं आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात एक सुंदर गोष्ट सिद्ध करून ठेवली आहे. दुपटीची बेरीज करत जा, बेरीज जेव्हा मूळ संख्या येईल तेव्हा तिला शेवटच्या घरातल्या आकड्यानं गुणा, परिपूर्ण संख्या मिळेल. तीन गुणिले दोन म्हणजे सहा. सात गुणिले चार म्हणजे अठ्ठावीस. एकतीस गुणिले सोळा म्हणजे ४९६. म्हणजे परिपूर्ण संख्या शोधायची असेल, तर आपल्या पटावरची बेरीज कुठल्या घरापाशी मूळ येते, एवढंच शोधायचं.

घरांची संख्या स्वतः मूळ नसेल तर बेरीजही मूळ येत नाही, हे दाखवणं सोपं आहे. उलट बाजू मात्र फसवी. घरं मूळ असली की बेरीजही मूळच असणार, असं पुष्कळांना वाटलं होतं. दोन, तीन, पाच, सात घरांपर्यंत ते खरंही ठरतं. अकरा घरांपाशी गाडी अडते. अकरा घरांची बेरीज २,०४७, आणि ती आहे २३ गुणिले ८९. ही गोष्ट सोळाव्या शतकात, १५३६ साली छापली गेली. त्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या काताल्दी यांनी सतरा आणि एकोणीस घरांच्या बेरजा मूळ असल्याचं भागाकार करकरून तपासलं. ते बरोबर निघालं. पुढे जाऊन त्यांनी २३, २९, ३१ आणि ३७ यांबद्दलही तेच म्हटलं. त्यांपैकी एकच, एकतीस, खरं ठरायचं होतं.

आता येतात मारँ मर्सेन. हे पॅरिसमधल्या एका मठात राहणारे कॅथलिक साधू, जन्म १५८८, मृत्यू १६४८. स्वतः अव्वल दर्जाचे गणिती होते असं म्हणता येणार नाही, पण त्या काळात विज्ञानाची नियतकालिकं नव्हती आणि मर्सेन यांनी जवळजवळ एकट्यानं त्यांची उणीव भरून काढली. देकार्त, फर्मा, पास्कल पितापुत्र, सगळ्यांशी पत्रव्यवहार. एकाचं पत्र आलं की त्यातला प्रश्न दुसऱ्याला कळवायचा, दुसऱ्याचं उत्तर तिसऱ्याला. १६४० साली फर्मा यांनी त्यांनाच कळवलं की सदतीस घरांच्या बेरजेला २२३ नं भाग जातो. काताल्दींचं एक विधान तिथं कोसळलं. फर्मा यांच्या हाती एक किल्ली आली होती. घरांची संख्या मूळ असेल, तर बेरजेला भाग जाणारी प्रत्येक संख्या घरांच्या दुपटीच्या पाढ्यात एक मिळवून येते. सदतीसची दुप्पट ७४, चौऱ्याहत्तर त्रिक २२२, आणि एक २२३. वर दिलेले २३ आणि ८९ हेही २२ च्या पाढ्यात एक मिळवूनच येतात, पडताळून पाहा.

१६४४ साली मर्सेन यांनी एका ग्रंथाच्या प्रस्तावनेत यादीच देऊन टाकली. २५७ घरांपर्यंत ही बेरीज मूळ येते ती फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या घरांपाशी. आपली सदुसष्ट घरांची संख्या इतिहासात नाव घेऊन उभी राहते ती अशी. हे त्यांनी तपासलं कसं? तपासलं नसणारच. पंधरा-वीस आकडी संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला सारा काळही पुरायचा नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. काही आडाखा असेल, पत्रांतून कळलेलं काही असेल. मला स्वतःला या यादीबद्दल मर्सेन यांचा राग येत नाही. त्यांनी एक ठाम विधान केलं आणि पुढच्या तीनशे वर्षांच्या लोकांना कामाला लावलं. 'असावं बहुधा' असं पुटपुटले असते, तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. आज अशा सगळ्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात ते त्या यादीमुळेच.

यानंतर शंभर वर्षं फारसं घडलं नाही. १७३८ साली ऑयलर यांनी २९ चा निकाल लावला, तिथं २३३ नं भाग जातो. १७७२ मध्ये त्यांनी एकतीस घरांची बेरीज, २,१४,७४,८३,६४७, खरोखरच मूळ असल्याचं दाखवलं. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ पूर्ण गेलेली होती. हा विक्रम शंभरएक वर्षं टिकला. १८११ साली इंग्लंडमधल्या पीटर बार्लो यांनी तर लिहून टाकलं की या संख्येपासून बनणारी परिपूर्ण संख्या हीच माणसाला सापडणारी सगळ्यांत मोठी; या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसतं कुतूहल, तेव्हा पुढची शोधायला जाणार कोण?

जाणारा माणूस फ्रान्समध्ये होता. एदुआर ल्यूका, जन्म १८४२. पॅरिसमध्ये शाळकरी वर्गांना गणित शिकवायचे आणि कोड्यांचा मोठा षौक. तीन खुंट्या आणि त्यांवर उतरत्या क्रमानं रचलेल्या चकत्या असं एक खेळणं मुलांच्या दुकानांत मिळतं. एका वेळी एक चकती हलवायची, लहानावर मोठी ठेवायची नाही, आणि सगळा ढीग दुसऱ्या खुंटीवर न्यायचा. हनोईचा मनोरा या नावानं ते १८८३ साली ल्यूका यांनीच बाजारात आणलं, तेही खोट्या नावानं, स्वतःच्या नावाची अक्षरं उलटसुलट करून. त्याला लवकरच एक दंतकथाही चिकटली. काशीच्या देवळात म्हणे सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या अहोरात्र हलवतात, आणि काम संपेल त्या दिवशी जगाचा अंत होईल. काशीत असं देऊळ नाही, हे वाराणसी पाहून आलेल्यांना सांगायला नको. पण हिशेब खरा आहे. चौसष्ट चकत्यांना जितक्या हालचाली लागतात, तेवढेच बुद्धिबळाच्या पटावरचे दाणे. आणि चकत्या सदुसष्ट असत्या तर लागणाऱ्या हालचाली म्हणजे आपलीच एकवीस आकडी संख्या. सेकंदाला एक चकती हलवली तर सुमारे पावणेपाच लाख कोटी वर्षं. विश्वाचं आजवरचं वय त्याच्या तीनशेचाळिसाव्या हिश्शाइतकंही जेमतेम भरेल.

१८७६ साली ल्यूका यांनी जे केलं ते मात्र खेळणं नव्हतं. तोवर संख्या मूळ आहे की नाही हे पाहायची रीत एकच होती. लहान संख्यांनी भागत जायचं. ल्यूका यांनी भाग न लावता निकाल देणारी कसोटी शोधली. पुढे १९३० साली अमेरिकेतल्या लेमर यांनी तिला जे आटोपशीर रूप दिलं, ते इथं सांगतो, कारण ते खरोखर कुणालाही करता येतं. चारापासून सुरुवात करा. वर्ग करा, दोन वजा करा, ज्या संख्येची परीक्षा घ्यायची तिनं भागा आणि फक्त बाकी ठेवा. पुन्हा वर्ग, पुन्हा वजा दोन, पुन्हा बाकी. घरांच्या संख्येपेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करायचं. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. शून्य आली नाही तर नाही.

पाच घरांची बेरीज ३१. चाराचा वर्ग सोळा, वजा दोन, चौदा. चौदाचा वर्ग १९६, वजा दोन १९४, एकतीसनं भागून बाकी आठ. आठाचा वर्ग ६४, वजा दोन ६२, बाकी शून्य. तीन वेळा झालं, एकतीस मूळ आहे. आता अकरा घरांची २,०४७ घ्या. नऊ वेळा करायचं. बाक्या येत जातात १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही. म्हणजे २,०४७ मूळ नाही, तिचे वाटे पडतात, यात शंका उरली नाही. पण वाटे कितीचे? ते १७३६ या आकड्यात कुठंही लिहिलेलं नाही. २३ आणि ८९ यांचा त्यात मागमूस नाही. चोरी झाली एवढं पंचनाम्यात सिद्ध झालं, चोर कोण याबद्दल एक अक्षर नाही.

या मार्गानं ल्यूका यांनी १२७ घरांची बेरीज मूळ असल्याचं जाहीर केलं. ती ३९ आकडी आहे, आणि हातानं तपासलेली इतकी मोठी मर्सेन मूळ संख्या नंतर कुणाला मिळाली नाही. आणि याच मार्गानं त्यांनी सांगितलं की सदुसष्ट घरांची बेरीज मूळ नाही. मर्सेन चुकले होते.

ल्यूका यांचा शेवट विलक्षण झाला. १८९१ साली एका परिषदेतल्या मेजवानीत वाढप्याच्या हातून बशी पडली, फुटलेला तुकडा उडून त्यांच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि काही दिवसांतच ते गेले, असं सांगतात. वय ४९.

मधल्या काळात रशियातल्या पेर्वुशिन नावाच्या एका खेड्यातल्या धर्मगुरूनं १८८३ मध्ये दाखवून दिलं की एकसष्ट घरांची बेरीज, २३,०५,८४,३०,०९,२१,३६,९३,९५१, मूळ आहे. मर्सेन यांच्या यादीत ६१ नाही, ६७ आहे. साहजिकच काही जणांना वाटलं की छापणाऱ्यानं एकाऐवजी सात जुळवला असणार. पुढे ८९ आणि १०७ हीदेखील सुटलेली आढळली आणि छापखान्यावर खापर फोडण्याची सोय संपली.

तर १८७६ नंतरची परिस्थिती अशी होती. सदुसष्ट घरांच्या दाण्यांचे वाटे पडतात हे माहीत होतं. ते कितीचे हे जगात कुणालाच माहीत नव्हतं. आणि या दोन गोष्टींमध्ये केवढं अंतर आहे, हे फ्रँक नेल्सन कोल यांच्या वाट्याला आलेल्या कामावरून कळतं.

कोल हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक. जन्म १८६१. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे १८९६ पासून १९२० पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, सचिव. सभेची कार्यवृत्तं लिहायची, पत्रं पाठवायची, नियतकालिकाची मुद्रितं तपासायची, अशा कामात आयुष्य घालवणारा माणूस प्रत्येक चांगल्या संस्थेत एखादा असतो. तशांतले ते. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी सोसायटीच्या न्यूयॉर्कमधल्या सभेत त्यांचा निबंध होता. विषय, मोठ्या संख्यांचे अवयव.

पुढचं वर्णन गणिताचे लोकप्रिय लेखक एरिक टेंपल बेल यांचं आहे. कोल उठले, फळ्यापाशी गेले आणि एक शब्दही न बोलता दोनाचा सदुसष्टावा घात करायला लागले. दुप्पट, दुप्पट करत शेवटपर्यंत. त्यातून एक वजा केला. मग फळ्याच्या कोऱ्या बाजूला जाऊन त्यांनी दोन संख्या लिहिल्या, १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७, आणि शाळेतल्यासारखा ओळीखाली ओळ मांडत गुणाकार केला. शेवटची बेरीज आली. दोन्ही बाजूंच्या संख्या तंतोतंत जुळल्या. कोल मुकाट्यानं आपल्या जागेवर जाऊन बसले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि प्रश्न कुणीही विचारला नाही. विचारायला उरलंच काय होतं? हे व्याख्यान रेडिओवर झालं असतं, तर तंत्रज्ञानं यंत्र बिघडलं समजून बासरीची ध्वनिमुद्रिका लावली असती.

बेल यांनी १९११ मध्ये कोल यांना विचारलं, या संख्येला किती वेळ लागला? उत्तर मिळालं, तीन वर्षांचे रविवार.

बेल यांच्या गोष्टी थोड्या जपूनच घ्याव्या लागतात. त्यांना रंग भरायची हौस होती. १९०३ मध्ये ते स्वतः न्यूयॉर्कला नव्हते, कॅलिफोर्नियात शिकत होते, आणि हा प्रसंग त्यांनी पुस्तकात लिहिला १९५१ साली. मौन इतकं कडकडीत होतं का, टाळ्या तशाच वाजल्या का, कोण सांगणार? पण कोल यांच्याशी त्यांचा संबंध खरा होता. कोलंबियात डॉक्टरेटसाठी ते कोल यांच्याच हाताखाली होते. शिवाय कोल यांचा निबंध त्याच वर्षाच्या अखेरीस सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला, तो आजही वाचायला मिळतो. फळ्यावरच्या मौनापेक्षा मला त्या छापील निबंधाचं जास्त अप्रूप आहे. कारण खरी मेहनत तिथं आहे.

त्या मेहनतीचा थोडा अंदाज घेऊ. फर्मा यांच्या किल्लीप्रमाणे या संख्येचा कोणताही भाजक १३४ च्या पाढ्यात एक मिळवून यायला हवा. ऑयलर यांच्या आणखी एका नियमानं त्यातले निम्मे गळतात. आज उत्तर माहीत असल्यानं आपण मोजू शकतो. धाकटा अवयव या पाढ्यात १४,४५,५८० व्या जागी आहे. निम्मे गाळले तरी ७,२२,७९० उमेदवार उरतात. एकवीस आकडी संख्येला नऊ आकडी संख्येनं भागायला पाच मिनिटं धरली, तर साठ हजार तास. तीन वर्षांचे रविवार म्हणजे दीडशेच्या वर थोडे. रविवारी आठ तास बसलं तरी बाराशे-साडेबाराशे तास. नुसता भागाकार करत बसून हे शक्य नव्हतं. कोल यांनी चाळणीवर चाळणी लावली. एखाद्या संख्येनं भागल्यावर कोणत्या बाक्या येऊ शकतात आणि कोणत्या येऊच शकत नाहीत, याच्या अटी जमवत जायच्या, आणि प्रत्येक अटीनं उमेदवारांचा ढीग कमी करत आणायचा. सुपातल्या धान्यासारखं, पाखडत पाखडत. यात एक चूक झाली, एका अटीत एक आकडा चुकला, तर खरा दाणाच कोंड्याबरोबर उडून जाणार आणि ते कधी कळणारही नाही.

या कामाला जो धीर लागतो त्याबद्दल फारसं लिहिलं जात नाही. पहिल्या वर्षाच्या अखेरीस कोल यांच्या हाती काय होतं? कागद. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस? आणखी कागद. वाटे आहेत हे ल्यूका यांनी सांगितलं होतं, आणि ल्यूका यांच्या शब्दावर विश्वास ठेवून एक माणूस सोमवारपासून शनिवारपर्यंत वर्ग आणि पत्रव्यवहार सांभाळून रविवारी पुन्हा त्याच ढिगापाशी बसत होता. ल्यूका यांच्या आकडेमोडीत कुठं घसर झाली असती, तर हे सगळे रविवार वाया गेले असते.

कोल सचिवपदावरून निवृत्त झाले तेव्हा मित्रांनी त्यांना रकमेची भेट दिली. ती त्यांनी सोसायटीलाच परत दिली आणि त्यातून कोल पारितोषिक सुरू झालं. पहिलं दिलं गेलं १९२८ मध्ये, ते स्वतः १९२६ सालीच गेले होते. बीजगणित आणि संख्या सिद्धांत यांतल्या कामासाठी आजही ते मोठ्या मानाचं समजलं जातं.

मर्सेन यांच्या यादीतलं २५७ हेही १९२० च्या दशकात चूक ठरलं. त्याचे प्रत्यक्ष अवयव हाती यायला त्यानंतर पन्नासएक वर्षं लागली. १९४७ पर्यंत सबंध यादी तपासून झाली. दोन घरं चुकीची घेतलेली, तीन सुटलेली, एकूण पाच चुका. न तपासता दिलेल्या यादीसाठी हे गुण काही वाईट नाहीत. लेमर यांनी त्याच दशकात कोल यांच्यासारखं चाळण्याचं काम करायला सायकलच्या साखळ्यांचं एक यंत्र बनवलं होतं. मग संगणक आले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जी मर्सेन मूळ संख्या जाहीर झाली, ती १३,६२,७९,८४१ घरांच्या पटाची बेरीज आहे आणि तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. बार्लो यांना दाखवायला हवी होती. तीही शेवटी ल्यूका यांच्याच कसोटीतून, चाराचा वर्ग वजा दोन करत, पार झालेली आहे.

आणि सदुसष्ट घरांची ती संख्या? तिची कुंडली आता पूर्ण मांडता येते. विषम. संयुक्त. नेमक्या दोनच मूळ संख्यांचा गुणाकार, दोन्ही वेगळ्या, म्हणून कुठल्याही वर्गसंख्येनं भाग न जाणारी. दोनच अंकांच्या पद्धतीत, म्हणजे संगणकाच्या भाषेत लिहिली, तर ओळीनं सदुसष्ट एक्के. आणि परिपूर्णतेच्या शोधात जिचं नाव पुढे आलं, ती स्वतः मात्र भयंकर तुटीची. तिच्याहून लहान भाजक तीनच, एक आणि कोल यांच्या त्या दोन संख्या. त्यांची बेरीज ७,६२,०३,१९,६५,००९. एकवीस आकड्यांपुढे बारा आकडे. मूळ संख्या जेवढी परिपूर्णतेपासून दूर असते, जवळजवळ तेवढीच दूर. भाग जाणारे इतके कमी आणि इतके मोठे असल्यामुळेच ती इतकी वर्षं हाती लागली नाही.

पंचनामा आणि चोर यांच्यातलं ते अंतर आजही मिटलेलं नाही. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन या तिघांनी त्यावरच एक कुलूप बनवलं. दोन प्रचंड मूळ संख्या घ्यायच्या, गुणाकार जगजाहीर करायचा आणि संख्या गुपित ठेवायच्या. इंटरनेटवरचे बँकेचे व्यवहार पुष्कळ वर्षं या कुलपाच्या भरवशावर चालत आले. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतले मणींद्र अगरवाल आणि त्यांचे दोन तरुण विद्यार्थी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं की कुठलीही संख्या मूळ आहे की नाही, हे आटोक्यातल्या वेळात नक्की सांगता येतं. जगभरच्या वर्तमानपत्रांत ते आलं, आणि बँकांची कुलपं आता तुटणार की काय, अशी धास्तीही काहींनी घेतली. धास्ती चुकीची होती. तीसुद्धा ल्यूका यांच्यासारखीच कसोटी. वाटे पडतात एवढं ती सांगते, कितीचे ते नाही.

कोल यांच्या संख्येपुरतं म्हणाल, तर आज खिशातला मोबाईल ती डोळ्याची पापणी लवेपर्यंत फोडून देतो. तरी मी एका रविवारी दुपारी चौकटीच्या वहीत तो गुणाकार हातानं केला. बारा आकडी संख्येला नऊ आकडी संख्येनं गुणायचं, मधे एक शून्य आहे म्हणून आठ ओळी. पहिल्यांदा हातचा विसरलो. दुसऱ्यांदा जमलं, अर्ध्या तासाच्या आत. शाळेत गुणाकार झाल्यावर गुरुजी नऊचा ताळा पाहायला लावायचे, तोही पाहिला. १९,३७,०७,७२१ मधल्या अंकांची बेरीज ३७, तीन आणि सात दहा, एक आणि शून्य एक. दुसऱ्या संख्येची ६४, सहा आणि चार दहा, पुन्हा एक. एक गुणिले एक, एक. आता त्या एकवीस अंकांची बेरीज. ती भरते १०९. एक आणि नऊ दहा. एक आणि शून्य, एक.